गोळा कुठे अडतो

अक्रा, १२ ऑगस्ट

प्रिय आई,

गुडघा कसा आहे? कोनादूताईने उखळ दुरुस्त करून घेतलं का? तू पाठवलेली सुकी मासळी पोचली.

माझं काम काय, असं तू विचारतेस आणि मी "नळांचं" म्हणून विषय संपवते. तसं ते नळांचंच आहे. वजन आणि साखर उतरावी म्हणून डॉक्टर पोटाचा मोठा भाग वगळतात आणि वरच्या छोट्या पिशवीला आतडं जोडतात. तो जोड केवढा ठेवायचा, कसा वळवायचा, हे मी आधी संगणकात अन्न वाहवून बघते. रुंद झाला तर अन्न धावत सुटतं, माणसाला घेरी येते. अरुंद झाला तर अडतं.

परदेशातून आलेल्या नमुन्यात अन्न म्हणजे चावून पातळ झालेला घास. आपल्याकडे फुफू, तो कांडलेल्या कंदांचा मऊ गोळा, कोण चावतं? रश्शात बुडवून तसाच गिळतो आपण. मी रश्शात अख्खा गोळा सोडला. तो जोडावरच बसला, बोआतेंगमामा दारात बसतो तसा.

ऑपरेशन करणारे डॉ. अम्पोन्सा हसले. "इंजिनीअरबाई, जोड जरा खाली वळवा."

वळवला. रस्सा सुरेख उतरला. गोळा नाही. मी वळणं बदलत राहिले.

"एवढा जीव ओतताय, हे पोट आहे तरी कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं.

आई, खाली बस.

ज्या साखरेने बाबांचा पाय नेला आणि मग बाबा नेले, ती मलाही होती. तू म्हणाली असतीस, "बारीक झालीस तर लोक विचारतील, पोरीला कुठला रोग लागला?" म्हणून बोलले नाही. जूनमध्ये ऑपरेशन झालं. जोड मी शोधलेल्या वळणाचाच.

साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, आई! काल जिना गात चढले. वरची म्हातारी ओरडली, "लग्न ठरलं की काय गं?"

रविवारी येते. रस्सा पातळ कर, तिखट बेताचं. डॉक्टरांनी फुफूलाही हो म्हटलंय, पण बोटाच्या पेराएवढा. आणि तो मी सगळ्यांसमोर चावणार आहे, परक्या पाहुणीसारखी. मामाला हसू दे. अख्खा गोळा कुठल्याच वळणाने उतरत नाही, मी सगळी बघितली आहेत.

वाढताना हात आखड. दारात मिठी मारताना नको. आता तुझे हात माझ्याभोवती पुरतील.

तुझी, चावून खाणारी,
दुफी