लिंबावरून गेलेली गाडी

बेंगळूरु,
कोजागिरीचा आदला दिवस

आदरणीय विद्याधरराव यांना पुरुषोत्तम सबनीस याचा मान खाली घालून नमस्कार. (एरवी मी मान ताठ ठेवूनच नमस्कार करतो, हे आपण लग्नात पाहिलंच आहे.) इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंची शुगर आटोक्यात आहे ना? आणि आमची सून, म्हणजे आपली मनस्विनी, नीट जेवतेखाते ना? दसऱ्याला म्हणून मिरजेला आली, त्याला पाच दिवस झाले. मला फोन नाही. आमच्या अमितला मात्र आला, आणि त्यात मारतहळ्ळीला भाड्याचा फ्लॅट बघ असं सांगणं झालं. ऑफिस जवळ पडतं, हे कारण. खरं कारण मी आहे. ते तिने आपल्याला सांगितलं नसणार याची मला खात्री आहे, म्हणून मीच सांगतो.

त्याचं असं झालं. खंडेनवमीची आयुधपूजा म्हणजे इथे घरचं लग्नच. गल्लीतली झाडून सगळी वाहनं धुऊनपुसून, केळीचे खुंट बांधून उभी. मनस्विनीने स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी, क्लच नसलेली, ऑटोमॅटिक. तिची ही पहिलीच पूजा. तिला वर घरात ऑफिसची मीटिंग, अमित कामासाठी हैदराबादला. ती म्हणाली, बाबा, पूजा तुम्हीच करा आणि मग मला स्टेशनवर सोडा. किल्ली माझ्या हातात दिली. अहो, मी सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं इंजिनं तपासून पास-नापास केलेला माणूस! हळदकुंकू वाहिलं, कोहळा फोडला, चाकांखाली चार लिंबं ठेवली आणि गाडी पुढे घेतली. चारही लिंबं फटाफट फुटली. तळमजल्यावरच्या भाग्यलक्ष्मीबाई (सोसायटीतलं शकुन-अपशकुनाचं खातं त्यांच्याकडे आहे) ओरडल्या, "सरी सार, सरी! छान झालं! आता मागे घ्यायची नाही, स्वल्पसुद्धा नाही!"

आता या गाडीचा गिअरचा दांडा असा, की पुढे जायच्या 'डी'वरून उभं करायच्या 'पी'वर न्यायचा तर वाटेत मागे जायचा 'आर' लागतो. मी म्हटलं, आत्ताच लिंबू फुटलंय, 'आर'वरून कशाला जा? दांडा 'डी'वरच ठेवला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. (हसू नका. माझा विश्वास विज्ञानावरच आहे, पण गाडी सुनेची होती.)

झालं! किल्ली निघेना. फिरवली तर इंजिन ढिम्म. ओढली, हलवली, फुंकर मारली, स्टिअरिंगशी झटापट केली, बॉनेट उघडून बॅटरीच्या तारा घट्ट केल्या, पुन्हा येऊन सीटवर बसलो. भोवती पंधरा माणसं जमली. निम्मी कन्नडमध्ये आणि निम्मी हिंदीत मला इंजिन शिकवू लागली. मला घाम फुटला. तेवढ्यात मनस्विनी बॅग घेऊन खाली आली. तिला काही विचारायच्या ऐवजी मी सगळ्यांदेखत म्हणालो, "काल हिनेच चालवली होती. किल्ली दांडगाईने पिळली आणि लॉक मोडलं. यांना गाड्या घेता येतात, वापरता येत नाहीत." ती खिडकीशी वाकून काहीतरी बोलली. मी ऐकून घेतलं नाही, सीटवरून उठलोही नाही. मग तिने रिक्षा बोलावली. जाताना मला वाकून नमस्कार करायला विसरली नाही. तो नमस्कार मला अजून बोचतोय.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने दार उघडून दांडा 'पी'वर सारला, किल्ली अलगद काढून माझ्या तळहातावर ठेवली, पुन्हा घातली, इंजिन सुरू. अर्धं मिनिटही लागलं नाही. दांडा 'डी'वर असेल तर या गाडीची किल्लीही निघत नाही आणि इंजिनही सुरू होत नाही, हे त्याने मला (म्हणजे मला!) समजावून सांगितलं. वर म्हणाला, "या वयात होतं सार असं." कॉफी पिऊन गेला. सोसायटीत मी सांगितलं, लॉकचं मोठं काम निघालं होतं.

तर विद्याधरराव, मला फार लाज वाटते आहे. मोठ्यांचं बोलणं इतकं मनावर घेऊ नये, असं आपण मनस्विनीला चार शब्द सांगावेत ही विनंती.

आपला,
पुरुषोत्तम

ता. क. वरचं शेवटचं वाक्य कृपया खोडावं. आणि एक लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच ठेवलं. खिडकीशी वाकून ती काय बोलली ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं. "बाबा, गिअर 'पी'वर आहे ना?" एवढंच, तेही हळू, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. रिक्षा गेटातून वळत होती तेव्हा मी दांडा सरकवला आणि किल्ली हातात आली. हाक मारली असती तर रिक्षा थांबली असती. पंधरा माणसं बघत होती, म्हणून नाही मारली. उलट किल्ली पुन्हा घातली, दांडा होता तसा 'डी'वर नेला आणि मेकॅनिकला फोन लावला. म्हटलं, निदान त्याला तरी काहीतरी मोडलेलं सापडेल.

ता. क. २ पत्र आमच्या सौ. प्रतिमाने वाचलं. म्हणाली, "अपमान सुनेचा केलात आणि माफी व्याह्यांकडे मागताय?" मी म्हटलं, "ते समजून घेतील." ती म्हणाली, "म्हणूनच." नवीन पत्र लिहायला बसलो तर मी पुन्हा स्वतःला सांभाळून लिहीन, म्हणून हेच पाठवतो आहे. पाकिटावरचं नाव तेवढं बदललं.

मनस्विनी, माझं चुकलं. आज सकाळी भाग्यलक्ष्मीबाईंना सगळं खरं सांगून आलो, म्हणजे आत्तापर्यंत सोसायटीला कळलं असेल. फ्लॅट बघायचा असेल तर खुशाल बघा. हे पत्र तुझ्या बाबांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव.