चिरलेला वायसर

प्रिय ठमाबाई,

या नावाने हाक मारली म्हणून पत्र फाडू नकोस. परवा प्रयोगशाळेतला माझा शेवटचा दिवस झाला. शीतखोलीत दोन स्वेटर चढवून ध्रुवावरचा बर्फ कापताना तुझा तिथला पहिला दिवस आठवला. बर्फाचा कपचा पाण्यात टाकून तू पेला कानाशी धरला होतास. वीस हजार वर्षं कोंडलेली हवा तडतडत सुटत होती, नि तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पुढे तू मोजायला घेतलास तो तितक्या खोलवरून काढलेल्या बर्फाचा आमच्याकडचा शेवटचा तुकडा. हिमयुगात मिथेन सोडणाऱ्या दलदली गोठलेल्या, त्यामुळे हवेत मिथेन अब्ज भागांत जेमतेम चारशे. तुझा आकडा आला नऊशे. म्हणजे आजची हवा आत शिरली होती. बर्फ वितळून गेला, मोजमाप वाया गेलं. बर्फ वितळवायच्या भांड्याचं झाकण नीट आवळलं नाहीस म्हणून मी तुला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. घरच्या माणसालाही सूट देत नाही, याचा केवढा तोरा होता मला! तू एप्रनची घडी करून टेबलावर ठेवलीस नि गेलीस. आता दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेतेस. आईच्या आजारपणात यायचीस, तेही मी कामावर असताना.

आता नीट वाच. त्याच संध्याकाळी मी हवा नसलेला बर्फ त्या भांड्यात घालून पाहिला. झाकण स्वतः आवळलं. तरी मिथेन आलंच. झडपेतला रबरी वायसर चिरला होता. नवा येईपर्यंत चालेल म्हणून तो जुना वायसर मीच बसवला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. वायसर खिशात टाकला नि आठ वर्षं चकार शब्द काढला नाही.

परवा संचालकांपुढे तो ठेवून सगळं सांगितलं. भला माणूस, पण नवा. त्यांना तो तुकडा ठाऊक नाही, तूही नाहीस. त्या वेळच्या नोंदवह्या रद्दीत गेल्या. आता कशाला जिवाला लावून घेता, म्हणाले, नि चहा मागवला. तुझ्यावरचा डाग जिथे पुसायचा, तिथे तो कुणाला आठवतही नाही. फार उशीर केला मी, पोरी. तो बर्फ परत मिळायचा नाही, तुझी आठ वर्षंही नाहीत. माफी मागायला मला तोंड नाही. चूक तुझी नव्हती, हे इतकी वर्षं मला एकट्याला माहीत होतं. तुला कळावं म्हणून लिहिलं. वायसर पाकिटात घातला आहे.

तुझाच अपराधी,
बाबा