राहत्या घरातील उबदार भिंत थंड करून मिळणेबाबत

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
उपविभागीय कार्यालय.

विषय : फ्यूजमधील जाड तार काढण्यासाठी आपण जातीने येऊन माझ्या आईस आदेश देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कनिष्ठ अभियंत्यांचा पाहणी अहवाल (शेरा : “भिंत समाधानकारक”).

महोदय,

मी खाली सही करणार, परवानाधारक वायरमन, विनंतीपूर्वक कळवितो की, लोकांच्या घरचे फ्यूज बसवण्यात माझी हयात गेली असून स्वतःच्या घरातील फ्यूजला हात लावण्यास मला मनाई आहे. ही मनाई आईची आहे.

१. आमच्याकडे इस्त्री, शेगडी व पाणी तापवायचा हीटर एकाच सॉकेटवर चालतात. पूर्वी तिन्ही एकदम लावले की फ्यूज उडे. वडिलांना त्याचा भारी वैताग. एके दिवशी त्यांनी चिनीमातीच्या फ्यूजमधली बारीक तार काढून तिथे तांब्याची जाडजूड तार आवळली व आता कशी उडते ते बघतोच, असे जाहीर केले. ती खरोखरच उडाली नाही. वडील मात्र त्याच वर्षी गेले.

२. आपणांस मी काय सांगावे? फ्यूजची तार वितळण्यासाठीच असते. ती वितळली नाही तर सगळा ताप भिंतीतल्या वायरीला सोसावा लागतो. आमची वायर तो सोसत आहे. परिणामी बैठकीच्या खोलीतील एक भिंत कोमट असते. हा शोध प्रथम मांजरीला लागला. मग आईने मांजरीला सरकवून तिथे पाठ टेकली आणि तिची पाठदुखी थांबली. आता शेजारच्या काकूही आपले गुडघे घेऊन येतात.

३. ज्याला बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती त्याने मला तारा शिकवू नयेत, असे आईचे म्हणणे आहे. फ्यूजच्या पेटीची किल्ली तिने चष्म्याच्या घरात ठेवली आहे. मी मेन स्विच बंद करून पाहिला. ती काळोखात तशीच भिंतीला टेकून राहिली आणि बायकोपासून बहिणीपर्यंत सर्वांनी मलाच फैलावर घेतले.

४. नाइलाजाने आपल्या कनिष्ठ अभियंत्यांना बोलावले. आईने त्यांना चहा दिला व भिंतीशी बसवले. साहेबांनी पाठ टेकली, डोळे मिटले आणि जाग आल्यावर संदर्भातील शेरा लिहून निघून गेले. आई तो कागद मला उठता-बसता दाखवते. करिता आपण आल्यास कृपया उभेच राहावे.

५. हे हसण्यावारी नेऊ नये. सॉकेट तपकिरी पडले असून प्लग काढताना जळका वास येतो. आई जिथे पाठ टेकते तिथे आत वायरीचे आवरण मऊ पडले असणार, हे मला भिंत न फोडताही कळते. कामावर असताना घरून फोन आला की मी आधी भिंतीचे विचारतो. मला भीती वाटते, साहेब.

६. शेकण्यासाठी मी रबरी पिशवी आणली. ती तिने मांजरीला देऊन टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आले की पाठदुखी हे निमित्त आहे. ती तार म्हणजे वडिलांनी घरात केलेले शेवटचे काम.

सबब, आपण शिक्क्यासह येऊन तार काढण्याचा आदेश द्यावा. मी त्याच दिवशी नवी वायर, तिन्ही उपकरणांना वेगवेगळी सॉकेट आणि एमसीबी बसवून देतो. मात्र काढलेली तार जप्त न करता आईच्या हाती द्यावी. वडिलांचे चुकले, असे तिच्यासमोर म्हणू नये. अहवालात तारेविषयी एवढेच लिहावे की, तिने या घरात कधी अंधार होऊ दिला नाही. तो कागद मात्र आईने मला खुशाल रोज दाखवावा.

आपल्या शिक्क्याच्या प्रतीक्षेत,
(सही)
वायरमन, तथा मुलगा
दि. ९ नोव्हेंबर

सोबत :
१) भिंतीचा फोटो (मांजर हटत नसल्याने मांजरीसह).
२) तपकिरी पडलेल्या सॉकेटचे झाकण.
३) पेटीची किल्ली : जोडलेली नाही. आपण नीट बोललात तर आई स्वतः काढून देईल.