मागून धडक दिली तर बाहेर

हेरंबदादा,

बर्फावरच्या त्या सामन्यात तुला मागून धडक बसली आणि तू कठड्यावर आपटलास, तेव्हापासून तू हॉकीचं नावही काढत नाहीस. धडक देणाऱ्याला फक्त दोन मिनिटं बाहेर बसवलं होतं. तुझी डोकेदुखी वर्षभर गेली नाही.

यंदा आपल्या लीगने नियम बदलला. मागून धडक दिली की खेळाडू सामन्याबाहेर, आणि डोक्याला मार लागलेल्याला डॉक्टर सांगेपर्यंत परत उतरता येत नाही. काल कर्वेनगरच्या रिंकवर चाकांच्या स्केट्सवरचा सामना होता आणि पंच मी होते. बरोबरी असताना आपल्याच क्लबच्या शंतनूने समोरच्या संघातल्या शहेजादला मागून कठड्यावर ढकललं. मी शिट्टी वाजवून शंतनूला बाहेर काढलं.

आपले प्रशिक्षक पाटणकर सर म्हणाले, "मुक्ता, पुढच्या वेळी हॉकीऐवजी बुद्धिबळाचे पट मांडू या का?"

"मांडा सर, पण हा आज खेळणार नाही," मी म्हटलं.

आपण हरलो. शहेजाद पुन्हा उतरायला निघाला होता, डॉक्टरांनी थांबवलं. आज त्याचा फोन आला, ठीक आहे तो. आणि मुलांना कठड्याजवळ कसं खेळायचं ते शिकवायला सरांनी मलाच बोलावलंय.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "अजून शिट्टी वाजवतेस का गं?" तेवढ्यावर हे सगळं लिहिलं, पण पाठवत नाही. दिवाळीला येशील तेव्हा रिंकवर चल, तिथेच सांगते.

तुझी,
मुक्ता