देवकाचा वाटा

४ एप्रिल

आजही जंटलमनने लाज राखली! मागच्या दोन पायांवर उभं राहून फांदी ओढली आणि सफारीच्या गाडीतले सहाही डच पाहुणे श्वास रोखून गप्प. मी नेहमीचं पालुपद लावलं — सज्जन हत्ती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मॅनेजर खूश. पुढच्या हंगामात मुख्य गाईड मी — जंटलमन दिसत राहिला तर! रोज चौकशी त्याचीच. माझी तब्येत कोण विचारतो?

८ एप्रिल

सुट्टी. घरी आलो तर आत्याचा मका भुईसपाट. वर्षाची सद्झा, आमची रोजची मक्याची उकड, गेली. आत्या बांधावर बसलेली.

"ये समान्यांगा." हत्तीच्या, आमच्या देवकाच्या नावानेच हाक मारते. लहानाचा मोठा केला तिने, पण मला नावाने म्हणून कधी बोलावलं नाही. "तुझा भाऊबंद जेवून गेला. मी मानाने टाळ्या वाजवून त्याला म्हटलं, समान्यांगा, तुझा वाटा घे, माझा ठेव. त्याला मेल्याला वाटणीच कळत नाही!"

हत्ती आमचं देवक. शिवी द्यायची तीही बेताने.

शेजारचा झोंडाय मात्र भडकलेला. "तुमचा पाहुणा माझ्या पोरीच्या अंगावर धावला! उद्या रेंजरला बोलावतो."

चिखलात ठसा होता. मागचा उजवा पाय, आडवी भेग. जंटलमन! कुणाच्या अध्यात ना मध्यात!

९ एप्रिल

रेंजर आला. हत्ती कुठला ते मी सांगायचं, मग ते त्याला गोळी घालणार. मला म्हणाला, "गरिकाय, ठसे तुझ्याइतके कुणाला कळतात? तू म्हणशील ती पूर्व दिशा."

म्हटलं, "नदीकाठचा म्हातारा. बिनसुळ्यांचा."

त्या म्हाताऱ्याने जन्मात कणीस पाहिलं नसेल. पण त्याला बघायला कुणी पाहुणाही येत नाही. आत्या शेजारीच उभी होती. टोपली उचलून शेताकडे निघून गेली.

११ एप्रिल

म्हाताऱ्याला पाडलं. गावभर मांस वाटलं. आमच्याकडे अर्थातच नाही — देवक खाल्लं की दात पडतात. आत्या दार लावून बसली, घरचं कुणी गेल्यासारखी. मी दाराबाहेरून म्हटलं, "आता काळजी मिटली." माझी मलाच लाज वाटली.

१२ एप्रिल

जंटलमन दिसला. टाळ्या. एका बाईने विचारलं, हत्ती कधी विसरत नाहीत म्हणे? म्हटलं, कधीच नाही.

१४ एप्रिल

झोंडायचं शेतही गेलं. रेंजर म्हणतो, "आता हा कुठला?" बघून सांगतो म्हटलं.

१५ एप्रिल

घरी गेलो. आत्या मला शेतात घेऊन गेली. मधोमध एक टोपली पालथी घातलेली. तिने उचलली. खाली तोच ठसा, वाळून दगड झालेला. भेग स्पष्ट.

"ठसे ओळखायला तुला मीच शिकवलं होतं, गरिकाय."

गरिकाय म्हणाली. समान्यांगा नाही.