बनवणारा स्वतः चढतो

५ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठे उद्योजक लिहितात म्हणे. कारखाना म्हणजे एक शेड, सहा माणसं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या. वडिलांनी सुरू केला, मी पुढे नेतोय. खप घसरलाय. दोष शिडीत नाही, मार्केटिंगमध्ये आहे. संकल्प: सल्लागार नेमणे. रोज फिरायला जाणे. (उद्यापासून. आज गुडघा.)

९ जानेवारी
सल्लागार बाई आल्या. बसायच्या आत विचारलं, तुमची मूल्यं कोणती? मी दर्जा, विश्वास, ग्राहक असं धडाधड सांगितलं. म्हणाल्या, हे सगळेच सांगतात, फक्त तुमच्याकडचं काही सांगा. मग वडिलांची पद्धत आठवली. ज्याने शिडी जोडली त्यानेच टोकाच्या पायरीवर चढून तीनदा पाय आपटायचे आणि आतल्या बाजूला खिळ्याने आपली खूण कोरायची. त्याशिवाय शिडी दाराबाहेर जात नसे. बाई म्हणाल्या, हेच तुमचं मूल्य, हीच जाहिरात. मला भरून आलं.
ही पद्धत मी दोन वर्षांपूर्वी बंद केली, ते सांगायचं राहून गेलं. वेळ फार जायचा. पण मूल्य मनात असतं.

१६ जानेवारी
मामांना जाहिरात दाखवली. मामा म्हणजे वडिलांच्या वेळचे फिटर, सगळ्यांचेच मामा. ‘बनवणारा स्वतः चढतो, खूण करतो, मगच शिडी बाहेर पडते.’ चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, सोमवारपासून पद्धत परत सुरू करू. म्हटलं, करूच, आधी बोर्ड लागू दे. वर मी स्वस्तात घेतलेल्या पातळ पाइपचं तुणतुणं. त्यात पायऱ्यांचे रिव्हेट धरत नाहीत म्हणे. वय झालं की माणूस घाबरट होतो.

२१ जानेवारी
फोटो काढला. मामांचा नव्या शिडीवर चढायला साफ नकार. बाईंसमोर माझी शोभा. शेवटी माळ्यावरची वडिलांच्या हातची शिडी काढली, तिच्यावर मात्र तरातरा चढले. वरून माझ्याकडे बघत राहिले. फोटो झकास. शिडी कुठली ते फोटोत कळत नाही.

२ फेब्रुवारी
शेडच्या दारावर उंच बोर्ड लागला. ऑर्डरी वाढल्या, त्यामुळे पद्धतीला आता अजिबात वेळ नाही. पुढच्या महिन्यात नक्की. हिने विचारलं, बोर्डावरचं खरं ना? म्हटलं, तत्त्वतः. ही आत निघून गेली. पटलं असावं.

२० फेब्रुवारी
एक रंगारी आला. शिडी जराशी हलवली, बोर्डाकडे बघितलं. म्हणाला, "तुम्ही चढून बघितलीय ना? मग मी काय बघायचं?" मी हो म्हटलं. घासाघीसही केली नाही त्याने. जाहिरात आणि मूल्य जुळलं की असं होतं.

६ मार्च
रंगारी पडला. वरून तिसरी पायरी निखळली. कमरेखाली काही जाणवत नाही म्हणतात.
त्याचा भाऊ शिडी घेऊन आला. ओरडला नाही. आतल्या बाजूने बोट फिरवत खूण शोधत होता. कोणाची खूण, दाखवा म्हणाला. मी म्हटलं, पुसली गेली असेल.
मामा म्हणाले, "खूण नाहीच. हिच्यावर कोणी चढलंच नव्हतं."
मामांनी घरातलं चव्हाट्यावर आणायला नको होतं. जमीन ओली असेल. त्याने तिरकी लावली असेल.

८ मार्च
हॉस्पिटलात गेलो. बाहेरच्या बाकावर त्याची बायको, मांडीवर त्याचे रंगाने माखलेले बूट. ती रंग नखाने खरवडत होती. फळांची पिशवी तशीच परत आणली. मला फार वाईट वाटलं. कारण लिहीत नाही.

११ मार्च
मामा येत नाहीत. जाताना वडिलांची शिडी घेऊन गेले. बाकीचे कामगारही गेले. बाईंचा फोन: बोर्ड आजच उतरवा. बरोबर आहे, उतरवणं हासुद्धा प्रामाणिकपणाच. माणूस कशाला बोलवायचा? आपल्याच चौदा शिड्या पडून आहेत.

दुपारी
एक लावली. दोन पायऱ्या चढलो, खाली बघितलं, उतरलो. दुसरी लावली. पहिल्याच पायरीवरून उतरलो. ही दारात उभी होती. काय झालं विचारलं. म्हटलं, गुडघा.
समोरच्या हार्डवेअरवाल्याकडून दुसऱ्या कंपनीची शिडी मागून आणली. कशाला हवी, त्याने विचारलं नाही.
चढण्याआधी तिच्या पायरीवर तीनदा पाय आपटून बघितले.