पोहोचलीस की फोन कर

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे. गोळी नाश्ता झाल्यावरच घ्या.

काल मी वेगळी खोली घेतल्याचं सांगितलं, तर शिलाई मशीनवरून मानही वर न करता तुम्ही म्हणालात, "पोहोचलीस की फोन कर." परीक्षेला निघाले होते तेव्हाही हेच म्हणालात, पण तेव्हा ते 'घाबरू नकोस' होतं. मावशीकडे रुसून गेले तेव्हा 'परत ये' होतं. मग कालचं काय होतं? परवानगी की राग? तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे आवाजावरूनही काही कळेना. माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

आज फक्त किल्ली आणायला जातेय, सामान इथेच आहे. पोहोचले की फोन करते. उचलाल तेव्हा तोंडातल्या टाचण्या तेवढ्या काढून ठेवा.

ठमी